दुसरी पसंती

आत्याचे यजमान भरल्या ताटावरून उठले, तो अधिक महिन्यातला शेवटचा रविवार होता. साल १९६९. त्या वर्षी आषाढ अधिक होता. जावयाला वाढायच्या अनारशांसाठी आईनं तीन दिवस तांदूळ भिजवले होते, रोज पाणी बदललं होतं, मग कुटून, गुळात मळून पीठ मुरत ठेवलं होतं. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत पाट मांडले गेले, ताटांभोवती रांगोळीची महिरप निघाली. नानांच्या ताटात (आत्याच्या यजमानांना आम्ही नाना म्हणायचो) जाळीदार अनारसे पडले, वर तुपाची धार पडली, आणि दहा मिनिटांच्या आत नाना हात धुवून गॅलरीत उभे होते. आत्या पदराला डोळे पुसत चपला शोधत होती. आजोबा पाटावर तसेच बसलेले. हातातला घास त्यांनी पानाच्या कडेला ठेवला होता.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. भांडण कशावरून झालं हे मला त्या क्षणी कळलं नाही. बाबांच्या तोंडून गेलेलं शेवटचं वाक्य मात्र लख्ख ऐकू आलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यात १९४८ साल होतं. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत नानांचं सातारा जिल्ह्यातलं घर त्या वर्षी जळालं होतं आणि बाबांना ते माहीत होतं.

वाद दिल्लीतल्या एका खुर्चीवरून होता. राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन ३ मे रोजी गेले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, आणि पुढचा कोण यावर काँग्रेस पक्ष बंगळूरच्या अधिवेशनात उभा चिरला. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. पक्षातल्या जुन्या धुरिणांनी, ज्यांना सगळे ‘सिंडिकेट’ म्हणत, नीलम संजीव रेड्डींचं नाव पुढे रेटलं. संसदीय मंडळात मतं पडली आणि बाई हरल्या. आपले यशवंतराव चव्हाणही त्या दिवशी रेड्डींच्या बाजूला होते. अनारशांच्या पंगतीत वाढलं गेलं ते हे सगळं.

आमच्या घरात या निवडणुकीत मत असलेला एकही माणूस नव्हता. चाळीतही नव्हता. राष्ट्रपतींना निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार. तरीही त्या पाच-सहा आठवड्यांत आमच्या खोल्यांमध्ये जेवढं तावातावानं बोललं गेलं, तेवढं पुढे लोकसभेच्या कुठल्या निवडणुकीत बोललेलं मी ऐकलं नाही. मला वाटतं, मत नव्हतं म्हणूनच. चिठ्ठी पेटीत टाकली की माणूस थोडा तरी मोकळा होतो. आमच्याकडच्या माणसांना ते मोकळं होणं नव्हतं. सगळं तोंडातूनच बाहेर यायचं.

आजोबा महाडचे. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, खादी घालणारे, काँग्रेसचे जुने चार आण्यांचे सभासद. पक्षानं एकदा ठरवलं की ठरलं, ही त्यांची शिस्त. बाबा बँकेत कारकून, युनियनचे कार्यकर्ते. नाना डोंबिवलीचे, जनसंघाचे. धाकटा काका कॉलेजात होता आणि त्याच्या मते सगळेच पक्ष गरिबाच्या विरोधात होते, त्यातल्या त्यात गिरी बरे. आई आणि आत्या यांचं मत काय, हे त्या काळात कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

१९ जुलैचा शनिवार मला आठवतो तो बाबांच्या चेहऱ्यामुळे. रात्री रेडिओवर इंदिराबाई बोलल्या : देशातल्या चौदा मोठ्या बँका सरकारनं ताब्यात घेतल्या होत्या. बाबांची बँक त्या चौदांत होती. बाबा खुर्चीतून उठले, परत बसले, आईला म्हणाले, “आता शेतकऱ्याला दारात उभं करतील बघ.” आमचे बाबा सहसा भावुक होत नसत. त्या रात्री चाळीच्या गॅलरीत बँकेतले तिघेचौघे जमले आणि पाऊस लागला तरी आत आले नाहीत. त्याच आठवड्यात मोरारजींचं अर्थखातं गेलं होतं. रविवारी गिरींनी पदाचा राजीनामा दिला, अपक्ष म्हणून लढायला मोकळे झाले. सोमवारी सकाळी चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी आली. आमच्याकडे चंद्राला त्या दिवशी दुसरं स्थान मिळालं.

बँकांचा तो वटहुकूम गिरींनीच हंगामी राष्ट्रपती म्हणून सही करून काढला होता. नानांनी आत्याच्या पत्रातून निरोप धाडला : काल बाईंसाठी सही, आज बाईंचे उमेदवार. बाबांनी पत्र वाचून आत्याला उत्तर लिहिलं, नानांना नाही. दोघे बोलत नव्हते, पण एकमेकांना ऐकवण्यासाठी आत्याचा पत्रव्यवहार वापरत होते.

मग चिंतामणरावांचं नाव आलं.

‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभं केलं, आणि आजोबांच्या शिस्तीला पहिला तडा गेला. चिंतामणरावांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले, आय. सी. एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले तेव्हा आजोबांनी त्यांच्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरू लागलं तेव्हा ज्या माणसानं अर्थमंत्रिपद सोडलं, तो हा माणूस. आमच्या घरात गणपतीच्या बाजूला ज्या दोन तसबिरी होत्या, त्यातली एक गांधींची आणि दुसरी वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेली चिंतामणरावांची. आता ते उभे होते, पण आजोबांच्या पक्षाविरुद्ध आणि आजोबांच्या जावयाच्या पक्षाकडून.

बाबांना देशमुख नकोच होते. बाबांनी सांगितलेलं कारण एकच : १९५४. बँक नोकरांच्या पगाराचा एक निवाडा अपिली लवादानं दिला होता. सरकारनं त्यात फेरफार करून तो खाली ओढला. त्या वेळी अर्थखातं देशमुखांकडे होतं आणि मजूरखातं गिरींकडे. गिरींनी त्या निवाड्यापायी मंत्रिपद सोडलं. बाबा तेव्हा नोकरीत नवे होते, लग्न ठरत होतं, पगारात पडणाऱ्या रुपयांचा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता. “ज्यानं माझ्या ताटातलं काढलं तो एक, आणि ज्यानं माझ्यासाठी खुर्ची सोडली तो एक. मला अजून काय बघायचंय?” असं ते म्हणत. याला आजोबांकडे उत्तर नव्हतं. देशभर या उमेदवारांची चर्चा मोठमोठ्या शब्दांत चालली होती, समाजवाद, लोकशाही, हुकूमशाही. आमच्या घरात ती पंधरा वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकावर येऊन थांबली होती. मी बाबांना यासाठी कधी कमी लेखलं नाही. माणूस आपल्या ताटातूनच देश बघतो.

पण बाबांना जे दिसत नव्हतं तेही होतं. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर करणारे अर्थमंत्री देशमुखच होते, जानेवारी १९५६ मध्ये. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीही त्यांच्याच काळात. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला सगळ्यात कडाडून विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षानं उमेदवार निवडला तो विमा कंपन्या सरकारजमा करणारा, आणि राष्ट्रीयीकरणानं रात्रभर झोप न लागलेल्या माझ्या बाबांना तो माणूस भांडवलदारांचा वाटत होता. नानांनाही पाच-सात वर्षांपूर्वी देशमुख ‘नेहरूंच्या मंत्रिमंडळातले’ वाटत असत, आता ते ऋषितुल्य झाले होते. माणूस तोच होता. त्याच्याभोवतीची माणसं जागा बदलत होती.

आता मी माझ्या चुकीकडे येते. ऑगस्टमध्ये रेड्डींविरुद्ध एक निनावी पत्रक निघालं. त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारं, खासदारांना टपालानं गेलेलं आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही वाटलं गेलेलं. पुढे गिरींच्या निवडीविरुद्धचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात चालले. स्वतः राष्ट्रपती साक्ष द्यायला न्यायालयात आले. पत्रक वाटलं गेलं हे न्यायालयानं मानलं, पण त्यानं निवडणूक रद्द व्हावी इतकं काही सिद्ध झालं नाही असं १९७० मध्ये ठरवलं. हे सगळं नंतरचं. तेव्हा आमच्या गॅलरीत पोचली ती त्या पत्रकाची फक्त वाफ. बाबांच्या एका सहकाऱ्यानं कुणाकडून तरी ऐकलेलं, अर्धं सांगितलं, उरलेलं हातवाऱ्यांनी. मी दाराआड होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ते आजोबांना सांगितलं. त्यांचा उमेदवार वाईट आहे हे त्यांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर बाबांची बाजू जिंकावी असंही वाटत होतं.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, “तू पत्रक वाचलंस?”

“नाही.”

“बाबांनी?”

“नाही.”

“ज्यांनी सांगितलं त्यांनी?”

मला माहीत नव्हतं. आजोबांनी माझी गणिताची वही मागितली, शेवटचं पान उघडलं, तीन रकाने आखले. “तिघांची नावं लिही. खाली प्रत्येकानं आजवर काय काय सोडलं ते लिही. काय मिळवलं ते नको, ते सगळे सांगतातच.”

ती वही पुढे त्यांनी स्वतःकडेच ठेवली आणि आता ती माझ्याकडे आहे. माझ्या गोल, मोठ्या अक्षरात तिथे लिहिलेलं आहे. गिरी : १९५४, मजूरमंत्रिपद, बँकेच्या निवाड्यासाठी. १९६९, उपराष्ट्रपतिपद. देशमुख : १९५६, अर्थमंत्रिपद, मुंबईसाठी. रेड्डी : १९६४, आंध्रचं मुख्यमंत्रिपद. त्याच्यापुढे आजोबांनी सांगितलेलं कारण : बस वाहतूक सरकारी करण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठपका ठेवला म्हणून. मग १९६७, लोकसभेचे सभापती झाल्यावर पक्षाचं सभासदत्व सोडलं, सभापती पक्षाचा नसावा म्हणून. १९६९, सभापतिपद.

तिघंही राजीनामा दिलेली माणसं होती. त्या महिन्यात आमच्या घरात कित्येक तास भांडण झालं आणि हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. आपल्या माणसाचा राजीनामा त्याग होता, समोरच्याच्या माणसाचा डाव किंवा नामुष्की. बाबा रेड्डींच्या १९६४ बद्दल म्हणायचे, “कोर्टानं फटकारलं म्हणून जावं लागलं.” आजोबांचं म्हणणं, “फटकारल्यावर जाणारे किती पाहिलेस?” एकच घटना. पुढची पन्नास वर्षं मी निवडणुका पाहते आहे, आणि दर वेळी मला या दोन वाक्यांची आठवण येते. आजोबांचा प्रश्न मला आज जास्त खरा वाटतो, हे मी इथे नोंदवून ठेवते.

आजोबांना खरं दुःख झालं ते वेगळ्याच गोष्टीचं. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर इंदिराबाईंनी स्वतः सही केली होती. आणि मग पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्रवाल्यांना भेटले, तुमची पहिली पसंती देशमुखांना असो, दुसरी तरी रेड्डींना द्या म्हणाले. हे बाहेर आल्यावर बाईंच्या गटानं पक्षादेश काढायला नकार दिला. प्रत्येकानं आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं, असं ठरलं. ‘आतला आवाज’ हे शब्द त्या पंधरवड्यात चाळीच्या नळावरसुद्धा ऐकू येत होते. आजोबा म्हणाले, “सही बाहेरच्या हातानं केली होती काय?” बाबांनी ताडकन उत्तर दिलं, “आणि दुसरी पसंती मागायला जनसंघाच्या दारात कोण गेलं?” आजोबा गप्प झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांच्या पक्षाचा अध्यक्ष आणि त्यांच्या पक्षाची पंतप्रधान, दोघांनीही त्यांची शिस्त मोडली होती. चौसष्टाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच आपलं मत स्वतः ठरवायचं होतं, आणि मत तर नव्हतंच.

म्हणून त्यांनी ते निर्माण केलं.

नानांना पोस्टकार्ड गेलं. आत्यानं ते जपलं होतं, मी पाहिलं आहे : “चि. नानासाहेब यांस अनेक आशीर्वाद. शनिवार दि. १६ रोजी दिल्लीत मतदान आहे. त्याच दिवशी संध्याकाळी आमचे घरी मतदान ठेविले आहे. आपण सपत्नीक यावे. जेवण करूनच जावे.” शेवटच्या वाक्याखाली रेघ होती.

त्याआधी दोन दिवस त्यांनी मला आणि काकाला मतमोजणी शिकवली. पाटी घेऊन, पूर्वीच्या मास्तरकीनं. महाराष्ट्राची १९६१ ची लोकसंख्या तीन कोटी पंच्याण्णव लाखांवर, आमदार २७०. भागा. आलेल्या आकड्याला पुन्हा हजारानं भागा. एका आमदाराच्या मताचं मूल्य १४६. म्हणजे आमच्या गिरगावच्या आमदाराची एक चिठ्ठी पेटीत १४६ होऊन पडणार. मग पसंतीक्रम. नुसती एक खूण करायची नाही. १ लिहायचा, मग हवं तर २, ३. एकूण मतांच्या निम्म्याहून एक जास्त तो कोटा. कोणालाच कोटा मिळाला नाही तर सगळ्यात मागे असलेल्याला बाद करायचं, आणि त्याच्या चिठ्ठ्या उघडून बघायचं, यांनी दोन कुणाला लिहिलंय.

“म्हणजे हरलेल्याचं मत फुकट जात नाही?” मी विचारलं.

“त्यानं दुसरी पसंती लिहिली असेल तर नाही,” आजोबा म्हणाले. “लिहिली नसेल तर त्याचं मत तिथेच संपलं.”

उमेदवार पंधरा होते. वर्तमानपत्रातली यादी आजोबांनी कापून कपाटाच्या दारावर डकवली, आणि सांगितलं की चिठ्ठीवर या पंधरांपैकी कुणाचंही नाव लिहिता येईल. आम्हाला हे हास्यास्पद वाटलं. तीनच तर होते. बाकीची नावं कुणी वाचलीही नाहीत.

शनिवारी श्रावण नुकताच लागलेला, नागपंचमी तोंडावर. नाना आले. बाबांनी पुढे होऊन त्यांची छत्री घेतली आणि मोरीत उघडून ठेवली. एवढंच. माफी वगैरे काही मागितली गेली नाही, मागायची पद्धतही नव्हती. चिवड्याचा रिकामा डबा म्हणजे पेटी. एकेकानं स्वयंपाकघरात जायचं, ओट्यावर चिठ्ठी लिहायची, घडी घालून डब्यात टाकायची. आजोबांनी आईला आणि आत्याला नावानं हाक मारून बोलावलं. आईनं हातातली कणीक तशीच परातीत सोडली, हात पुसले, आत गेली, आणि तिला बाहेर यायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. सहा मतं. मला मत नव्हतं, डबा धरायचं काम होतं.

आजोबांनी एकट्यानं, दाराकडे पाठ करून मोजणी केली. आकडे सांगायला नकार दिला. नुसतं जाहीर केलं, “पहिल्या फेरीत कोणासही कोटा मिळाला नाही. बाद उमेदवारांच्या पसंत्या वाटून चिंतामणराव देशमुख निवडून आले.” काकानं आरडाओरडा केला. नाना हसले. बाबांनी खांदे उडवले आणि म्हणाले, “दिल्लीत बघू.” मग पानं वाढली. त्या दिवशी नानांनी दोनदा भात घेतला.

दिल्लीचा निकाल बुधवारी, २० तारखेला लागला. गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीवर कोणीच नव्हतं. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजावी लागली ती तेवढी एकदाच, आणि नेमकी त्याच वर्षी एका शाळामास्तरानं ती दोन मुलांना पाटीवर शिकवली होती. बाद उमेदवारांच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. बहुतेक रेड्डींकडे गेल्या, जनसंघ-स्वतंत्रनं सांगितल्याप्रमाणे. पण सगळ्या नाही. अठरा हजारांवर मूल्य गिरींकडे वळलं, आणि तेवढ्यानं ते कोट्याच्या पलीकडे गेले : ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. बाबांनी पेढे आणले. आजोबांनी एक घेतला, निम्मा मला दिला. चिंतामणरावांच्या तसबिरीवरची धूळ त्यांनी त्या संध्याकाळी पुसली असं आई सांगायची. मला ते आठवत नाही.

नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. आजोबांनी पुढे कुठल्याच काँग्रेसचे चार आणे भरले नाहीत.

त्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोणता होता, हे आम्हाला सहा वर्षांनी कळलं. राष्ट्रपतीनं पंतप्रधानाला अडवावं की नाही? सिंडिकेटला रेड्डी हवे होते ते बाईंना लगाम म्हणून, आणि बाबा म्हणायचे, लोकांनी निवडलेल्या पंतप्रधानाला राष्ट्रपतीनं अडवणं हीच हुकूमशाही. नाना म्हणायचे, सही मागितली की सही देणारा माणूस तिथे बसला तर एक दिवस सगळे भोगाल. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर सही केली. गिरींची मुदत आदल्या वर्षीच संपली होती, तेव्हा त्यांच्यावर हा दोष येत नाही. पण नानांना डोंबिवलीच्या घरातून रात्री उचललं आणि ते ‘मिसा’खाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात गेले. त्यांची नोकरी थांबली. दर महिन्याच्या दोन तारखेला बाबा बँकेतून परस्पर डोंबिवलीला जात आणि आत्याच्या हातात पाकीट देत. त्यातले रुपये राष्ट्रीयीकृत बँकेच्या पगाराचे होते. बाबांनी आपलं मत बदललं का? मला नाही वाटत. शेवटपर्यंत ते बँकांच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल अभिमानानंच बोलत. फक्त इंदिराबाईंचं नाव त्यात घेईनासे झाले. १९७७ साली संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले, त्या दिवशी बाबांनी आजोबांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली. आजोबा तोवर गेले होते.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे आमच्याच घरातले दोन चुलतभाऊ गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. दोघेही चांगली मुलं आहेत. कुणी कुणाच्या ताटावरून उठलं नाही, कारण एका पंगतीला ते बसलेच नाहीत. एकानं दुसऱ्याच्या नेत्याबद्दल न वाचलेलं पत्रक पुढे ढकललं, दुसऱ्यानं तिसरं. मी त्यांना दोघांना वेगवेगळं विचारलं, तुझा उमेदवार नसता तर दुसरा कोण? दोघांनाही प्रश्नच समजला नाही. आपल्या मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीला जागा नसते, हे खरं आहे. पण डोक्यातही ती ठेवायची नाही, असं कुठे लिहिलंय?

मग मी आजोबांची वही काढली. राजीनाम्यांच्या पानानंतर दोन कोरी पानं, आणि त्यापुढे टाचणीनं टोचलेल्या घरच्या मतदानाच्या चिठ्ठ्या. मी त्या आधीही पाहिल्या होत्या, नीट वाचल्या नव्हत्या. अक्षरं सगळी ओळखीची. काकानं फक्त ‘१ गिरी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. बाबांचं बँकेतलं तिरकं अक्षर : गिरी, रेड्डी, देशमुख. देशमुख तिसरे, पण लिहिले आहेत. नानांनी देशमुखांना १ दिला आहे आणि २ पुढे काही नाही. पक्षानं सांगूनही त्यांच्या हातून काँग्रेसवाल्याचं नाव लिहिलं गेलं नाही. आईनं देशमुखांना पहिली आणि गिरींना दुसरी पसंती दिली आहे. का, ते मला तिनं एकदा सांगितलं होतं : समाजकार्य करणाऱ्या दुर्गाबाईंसारख्या बाईनं ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस बरा असणार. आणि आत्याच्या बारीक अक्षरात : १ रेड्डी, २ देशमुख. नवरा शेजारच्या खोलीत बसलेला असताना तिनं रेड्डींचं नाव लिहिलं. बापाचा उमेदवार एका मतावर राहू नये म्हणून लिहिलं असावं.

चिठ्ठ्या पाच आहेत. खाली आजोबांनी पेन्सिलीनं मांडलेला तक्ता आहे, पहिली फेरी : देशमुख २, गिरी २, रेड्डी १. आणि चौथी ओळ, इतर ओळींइतक्याच नीट अक्षरात : पां. ना. राजभोज, १.

कपाटाच्या दारावरच्या त्या पंधरांच्या यादीत हे नाव होतं. पर्वतीच्या मंदिर सत्याग्रहातले राजभोज, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, १९५२ साली सोलापूरहून लोकसभेवर गेलेले. दुसरा मराठी उमेदवार. महिनाभराच्या आमच्या भांडणात त्यांचं नाव एकदाही निघालं नव्हतं, बाबांच्या तोंडून नाही, काकाच्याही नाही.

मार्च १९२७ मध्ये, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, आजोबा महाडात होते. बावीस वर्षांचे. त्या दिवशी ते कुठे होते, कुणाबरोबर होते, काय केलं, काय केलं नाही, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. घरात तो विषय निघाला की ते चपला घालून खाली उतरत आणि चौपाटीपर्यंत चालून येत.

दिल्लीच्या अधिकृत निकालात राजभोजांच्या नावापुढे ८३१ मतं आहेत. आमच्या घरचं एक त्यात धरलेलं नाही.